ताळेबंद बरोबर, मग बँकेला वीजबिल का दिसेना?

वाचकाचं पत्र

ताई, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी अकाउंट्स बघतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, उलाढाल 118 कोटी. शंभर कोटींच्या वर गेल्यापासून आमचे वार्षिक हिशेब एक्सबीआरएलमध्ये, म्हणजे प्रत्येक आकड्याला ठरलेला टॅग लावलेल्या, संगणकाला वाचता येणाऱ्या फाइलीत, सरकारकडं भरावे लागतात. ते काम बाहेरची एक एजन्सी करते. ऑडिटरची सही झालेली पीडीएफ पाठवायची, दोन दिवसांत फाइल तयार होऊन येते, साहेबांची डिजिटल सही लागते, फॉर्म जातो.

यंदा सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट वाढवून मागायला बँकेत गेलो. क्रेडिट मॅनेजरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "गेल्या वर्षी वीज-इंधन 13.60 कोटी, यंदा 2.10 कोटी. भट्ट्या बंद होत्या का?" पुढं म्हणाले, "मशिनरी खरेदीचे 6.20 कोटी तुमच्याकडे आलेले दिसतायत, गेलेले नाहीत." ताळेबंदात दोन्ही आकडे बरोबर आहेत. एवढंच झालं की यंदा ऑडिटरच्या नव्या मुलानं हिशेबाला जोडलेल्या खर्चाच्या तपशिलात, म्हणजे नोटमध्ये, 'पॉवर अँड फ्युएल' या एका ओळीऐवजी 'फर्नेस इलेक्ट्रिसिटी' आणि 'डिझेल व गॅस' अशा दोन ओळी केल्या. एजन्सी म्हणते, टूलमध्ये व्हॅलिडेट झालंय. साहेब म्हणतात, सरकारनं घेतलं, विषय संपला. बँकेला काय सांगू? आणि पुढच्या वर्षी हे परत होऊ नये म्हणून माझ्या हातात काय आहे?

— त्रस्त अकाउंटंट, शिरोली

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. नोटमधली एक ओळ फुटून दोन झाल्या हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मला अंदाजच बांधत बसावं लागलं असतं.

आधी एजन्सीच्या वाक्याचं बघू. 'व्हॅलिडेट झालं' हे खरं आहे, पण त्याचा अर्थ साहेबांना वाटतो तेवढा मोठा नाही. पोस्टातला माणूस पाकिटावर तिकीट आहे का, पिन कोड आहे का एवढं बघतो. आतलं पत्र वाचत नाही. एमसीएचं, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाचं, व्हॅलिडेशन टूल साधारण त्याच जातीचं. सक्तीचे रकाने भरलेत का, तारखा नीट आहेत का, सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, बरोबर आहे का, ठरावीक बेरजा जमतात का, हे ते तपासतं. भट्टीचं वीजबिल 'पॉवर अँड फ्युएल'मध्ये गेलं की 'किरकोळ खर्चा'त, हे त्याला कळायचा मार्गच नाही. बेरीज दोन्हीकडून तेवढीच येते.

तरीही बँकेत जाऊन "एजन्सीनं चूक केली" असं लगेच म्हणू नका. क्रेडिट मॅनेजरांच्या स्क्रीनवर दिसतो तो आकडा बहुतेक वेळा थेट एमसीएचा नसतो. माहिती विकणाऱ्या कंपन्या एमसीएकडच्या फाइली घेतात, स्वतःच्या साच्यात बसवतात आणि मग बँकांना देतात. त्या साच्यातही आकडा इकडचा तिकडं होऊ शकतो. म्हणून मूळ एक्सएमएल फाइल हातात घ्या. एजन्सीकडं ती असतेच, आणि ती कंपनीची आहे, त्यामुळं मागायला संकोच नको. टाळाटाळ झाली तर एमसीएच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून आपल्याच कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं बघता येतात. फाइल व्हॅलिडेशन टूलमध्ये उघडली की वाचता येईल अशा रूपात दिसते, पीडीएफही काढता येते. ती प्रिंट आणि सही झालेला ताळेबंद शेजारी ठेवा, पेन्सिल घ्या आणि ओळ न् ओळ टिक करत जा.

तुमच्या बाबतीत काय सापडेल ते मी बसल्या जागी सांगते, चुकलं तर कळवा.

विजेचं असं झालं असणार: फाइल भरणाऱ्यानं 'डिझेल व गॅस' ही ओळ वाचली, त्याला 'पॉवर अँड फ्युएल' हा टॅग जवळचा वाटला, 2.10 कोटी तिथं टाकले. मग 'फर्नेस इलेक्ट्रिसिटी' आली. तो टॅग तर वापरून झालेला! एका टॅगमध्ये दोन ओळींची बेरीज करून टाकायची असते हे एकतर त्याला माहीत नव्हतं, नाहीतर पीडीएफपेक्षा वेगळा आकडा टाकायची भीती वाटली. उरला तो 'मिसलेनियस'चा रकाना. फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसची वीज हा कच्च्या मालाखालोखालचा मोठा खर्च असतो, हे भरणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्यानं उभ्या जन्मात भट्टी पाहिलेली नसेल. त्याला फक्त पीडीएफ मिळाली.

आता याच फाइलमधला मागच्या वर्षाचा रकाना बघा. नव्या नोटप्रमाणं तिथंही दोन ओळी झाल्या असतील, म्हणजे मागच्या वर्षाचा 'पॉवर अँड फ्युएल'चा आकडाही दीड-दोन कोटींवर आलेला असेल. गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये त्याच वर्षाचा आकडा 13.60 कोटी आहे. एकाच कंपनीनं एकाच वर्षाबद्दल सरकारला दोन वेगळे आकडे दिले, आणि दोन्ही फाइली व्हॅलिडेट झाल्या.

रोख प्रवाहाचं प्रकरण याहून मजेशीर आहे. छापील कॅश फ्लोमध्ये मशिनरी खरेदी कंसात असते, (6.20). टॅक्सॉनॉमीत, म्हणजे मंत्रालयाच्या टॅगांच्या यादीत, त्या टॅगचं नावच मुळी 'खरेदी' आहे. खरेदी म्हणजे पैसे बाहेर, हे त्या टॅगच्या बेरजेच्या नियमात आधीच बसवलेलं असतं. म्हणून तिथं आकडा अधिक लिहायचा. कंस पाहून वजा लिहिला की वजाचं वजा होतं आणि पैसे आत आलेले दिसतात. अशा वेळी एकूण बेरीज जुळायला नको होती. पण ती जुळलीय, नाहीतर फाइल पुढं सरकलीच नसती. तेव्हा गुंतवणूक विभागातली 'इतर आवक-जावक' ही ओळ बघा. तिथं वजा 12.40 कोटी दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका: सहा-वीसच्या दुप्पट. रात्री उशिरा लाल एरर घालवायचा हा खात्रीचा उपाय आहे आणि तो मी एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या फाइलींत पाहिलाय.

या 'इतर'बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या एक्सबीआरएल डेटाचं सगळ्यात मोठं दुखणं मला तेच वाटतं. हे तंत्र निघालं अमेरिकेत. चार्ल्स हॉफमन नावाच्या टॅकोमाच्या अकाउंटंटनं 1998 मध्ये त्याची सुरुवात केली. तिथल्या शेअर बाजार नियामकानं 2009 मध्ये नियम केला, पण कंपन्यांना गरज पडेल तिथं स्वतःचा टॅग तयार करायची मुभा दिली. मग प्रत्येकानं आपापले टॅग काढले आणि दोन कंपन्यांची तुलना करणं अवघड होऊन बसलं. आपल्या कंपनी मंत्रालयानं 2010-11 च्या हिशेबांपासून एक्सबीआरएल सक्तीचं केलं तेव्हा ही मुभा ठेवली नाही. मंत्रालयानं दिलेले टॅग तेवढेच वापरायचे. माझ्या मते निर्णय शहाणपणाचा होता. पण त्याची किंमत अशी की जे कुठंच बसत नाही ते सगळं 'इतर'मध्ये जातं, आणि जे नीट बसलं असतं पण शोधायला वेळ नव्हता, तेही तिथंच जातं. बाहेरून बघणाऱ्याला या दोहोंतला फरक कळत नाही.

तेव्हा पहिली कसोटी फुकटातली आहे. फाइलमधल्या प्रत्येक 'इतर' ओळीची त्या विभागाच्या एकूण आकड्याशी टक्केवारी काढा. दहा टक्क्यांच्या वर गेली की त्या ओळीच्या पोटात काय आहे ते नावानिशी लिहून काढायचं. दहा हा आकडा माझा, कायद्याचा नाही. तुमच्या धंद्याला पाच योग्य वाटला तर पाच धरा. दुसरी कसोटी अमेरिकेतून उचलायची. तिथं 'एक्सबीआरएल यूएस' या संस्थेची डेटा क्वालिटी कमिटी 2015 पासून तपासणीचे नियम काढून ते सगळ्यांना मोकळे ठेवते. त्यातला एक साधा नियम: जे आकडे वजा असूच शकत नाहीत अशा टॅगांची यादी करा आणि त्यात कुठं वजा दिसतंय का ते बघा. तुमची मशिनरी खरेदी या एका नियमात पकडली गेली असती. एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम. मात्र वजा दिसलं की चूकच, असं धरून चालू नका. तयार मालाच्या साठ्यातली वाढ खर्चाच्या बाजूला रीतसर वजाच येते.

आता तुमच्या हातात काय आहे. टॅग कुठला लावायचा हा निर्णय हिशेबाचा आहे, टायपिंगचा नाही, आणि तो ज्याला लेजर माहीत आहे त्यानं घ्यायचा. म्हणजे तुम्ही. एजन्सीनं फाइल बनवावी, पण काय कुठं जाईल ते शिरोलीत ठरावं. त्यासाठी एक रजिस्टर करा. साधी एक्सेल शीट: टॅलीतलं लेजरचं नाव, ट्रायल बॅलन्समधला ग्रूप, कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनप्रमाणं (हिशेबाच्या ठरलेल्या नमुन्याप्रमाणं) नोट क्रमांक, टॅक्सॉनॉमीतल्या टॅगचं पूर्ण नाव, आकडा अधिक लिहायचा की वजा, आणि शेवटचा रकाना 'का'. हा 'का' वगळू नका. 'फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) कंत्राटदार बिलं' हे लेजर घ्या. कुणी ते कर्मचारी खर्चात टाकेल, कुणी जॉब वर्कमध्ये, कुणी 'इतर'मध्ये. तिघांकडंही सांगायला कारण असेल. माणसं कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर आहेत आणि बिल नगावर येतं, म्हणून आम्ही ते जॉब वर्कमध्ये धरतो, अशी एक ओळ लिहून ठेवलीत की पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरा कुणी असला तरी आकडा तिथंच जाईल. सिलिका सँड, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी यांचंही तसंच: कच्चा माल की स्टोअर्स? कुठलाही एक पर्याय घ्या, ऑडिटरशी बोलून पक्का करा, आणि मग सोडू नका.

सगळी लेजरं एकदम घ्यायला गेलात तर हे कधीच होणार नाही. मोठी पन्नास-साठ घ्या. बहुतेक रक्कम त्यातच येते. टॅग बदलायचाच झाला तर जुनी ओळ पुसायची नाही. खाली नवी ओळ, तारीख, कारण. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा झालाय, व्हाउचर बदललं की खूण राहते. पण टॅगबदलाची खूण कुठंच राहत नाही. ती तुम्हालाच ठेवायची आहे.

हे रजिस्टर ऑडिटरच्या त्या नव्या मुलालाही द्या. नोटच्या ओळी तो बदलू शकतो, त्याला हक्क आहे, पण बदलण्याआधी एक फोन करायची सवय लागली पाहिजे. तुमच्याकडची गडबड एजन्सीत सुरू झाली नाही. ती नोट बदलली त्या दिवशी सुरू झाली आणि मधल्या तिघांपैकी कुणीच कुणाला विचारलं नाही.

बाकीच्या तपासण्या भराभर सांगते. यंदाच्या फाइलमधला मागच्या वर्षाचा रकाना आणि गेल्या वर्षीच्या फाइलमधला चालू वर्षाचा रकाना दरवर्षी ताडून बघा. फरक असेल तर त्याला 'पुनर्वर्गीकरण' म्हणणारी टीप हिशेबात हवी. आकडे लाखात छापले असतील तर फाइलमध्ये ते पूर्ण रुपयांत गेलेत ना, हे बघा, 452.00 लाख म्हणजे फाइलमध्ये 45200000, नुसतं 452 नाही. व्यापारी देण्यांत सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात. तो आकडा आणि अशा उद्योगांच्या थकलेल्या देण्यांबद्दल तुम्ही सहामाही एमएसएमई-1 फॉर्ममध्ये दिलेली माहिती एकमेकांशी बोलली पाहिजे. उत्पादनाचा कोडही बघा. फाइलमध्ये कास्टिंग 7325 खाली, म्हणजे लोखंडी ओतीव वस्तू म्हणून, दाखवलंय आणि जीएसटीची बिलं 8708 खाली वाहनांचे भाग म्हणून फाटतायत, असं फाउंड्र्यांत होतं. यातलं बरोबर कुठलं हे माल बघून तुमचा कर सल्लागार सांगेल, पण दोन सरकारी खात्यांना दोन कोड नकोत.

दाखल झालेल्या फाइलचं काय करायचं? घाबरून जायचं कारण नाही. कंपनी कायद्याचं कलम 131 हे ताळेबंदच सुधारायचा असेल तेव्हासाठी आहे, त्यासाठी न्यायाधिकरणात जावं लागतं. तुमचा ताळेबंद बरोबर आहे, संचालकांनी आणि ऑडिटरनं सही केलेलं काहीही बदलत नाही. चुकलंय ते त्याचं डिजिटल रूप. पण दाखल झालेला फॉर्म आपल्या मनानं मागं घेऊन दुसरा टाकता येत नाही. कारण देऊन कंपनी निबंधकांकडं, म्हणजे तुमच्यासाठी पुण्याच्या कार्यालयाकडं, जावं लागतं. किती चुका आहेत, त्या किती मोठ्या आहेत आणि ते करण्यात अर्थ आहे का, हे कंपनी सेक्रेटरींना फाइल दाखवून ठरवा. ज्या सीए किंवा सीएसनी फॉर्म प्रमाणित केलाय त्यांनाही आजच कळवा. त्यांचीही सही आहे त्यावर, आणि त्यांना हे बँकेकडून कळणं बरं नव्हे.

बँकेला मात्र थांबायला लावू नका. कंपनीच्या लेटरहेडवर एक पानाचं पत्र द्या. वर दोन ओळींचा खुलासा: लेखापरीक्षित हिशेबांतले आकडे हे आहेत, एक्सबीआरएल फाइलमध्ये वर्गवारीत आणि चिन्हात चूक झाली आहे, एकूण खर्च, नफा आणि रोख शिल्लक यांवर परिणाम नाही. खाली छोटा तक्ता: ओळ, ताळेबंदातला आकडा, फाइलमधला आकडा, फरक, कारण. सोबत नोटची प्रत, कॅश फ्लोची प्रत आणि वर्षभराच्या महावितरणच्या बिलांचा गोषवारा. तो गोषवारा विसरू नका. भट्ट्या चालू होत्या याचा याहून भक्कम पुरावा तुमच्याकडं दुसरा नाही, आणि क्रेडिट मॅनेजरांनी नेमका तोच प्रश्न विचारलाय. 'परिणाम नाही' हे वाक्य मात्र सगळी फाइल टिक करून झाल्यावरच लिहा. तिसरी चूक त्यांना सापडली तर पहिल्या दोन खुलाशांनाही किंमत राहणार नाही.

साहेबांचं म्हणणं मला समजतं. त्यांच्या दृष्टीनं हा सरकारी सोपस्कार आहे, आणि पहिली काही वर्षं तो तसाच होता. फाइल भरायची आणि विसरायची. आता ती फाइल वाचली जाते, आणि आधी माणूस वाचत नाही, सॉफ्टवेअर वाचतं. सॉफ्टवेअर फोन करून विचारत नाही, थेट गुण कापतं. तुमचे मॅनेजर स्क्रीन वळवून बोलले हे तुमचं नशीब. साहेबांना तत्त्वज्ञान सांगू नका. लिमिट वाढायला जेवढे दिवस उशीर होईल तेवढ्या दिवसांचं व्याज किंवा अडकलेली ऑर्डर रुपयांत मांडा आणि एजन्सीच्या बिलाशेजारी ठेवा. फॉर्मवर डिजिटल सही त्यांची स्वतःची आहे, हेही त्याच बैठकीत, हळूच.

एजन्सी बदलायची घाई मी करणार नाही. दुसरी एजन्सीही पीडीएफवरूनच भरेल. याच लोकांशी तीन गोष्टी लेखी ठरवा: तुमच्या रजिस्टरप्रमाणंच टॅग लावायचे, बेरीज जुळत नसेल तर 'इतर'मध्ये फरक न टाकता तुम्हाला फोन करायचा, आणि अंतिम फाइलची पीडीएफ दाखल करण्याआधी निदान चार कामाचे दिवस तुमच्या टेबलावर आली पाहिजे. हे चार दिवस मिळणं सगळ्यात अवघड. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा, तिथून तीस दिवसांत फॉर्म, मधे दिवाळी, उशीर झाला की रोजचे शंभर रुपये, आणि राज्यभरातल्या कंपन्या त्याच आठवड्यात त्याच एजन्सींच्या दारात. म्हणून सभेची वाट बघू नका. संचालक मंडळानं हिशेब मंजूर करून ऑडिटरची सही झाली की आकडे पक्के झालेले असतात. कच्ची फाइल त्याच आठवड्यात बनवायला द्या. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडं काम कमी असतं, माणूस शांतपणे भरतो आणि फोनही उचलतो.